लाल थेंबाचा माग: पिंपळगाव ते इंदूर, व्हाया सेंधवा

मामाच्या ट्रकमधून एकदा तरी लांबचा प्रवास करायचा, ही माझी शाळेपासूनची इच्छा. दर सुट्टीत मामा म्हणायचा, "पुढच्या खेपेला नेतो." ती पुढची खेप यायला मी पंचविशी गाठावी लागली. ऑगस्टमध्ये मला इंदूरला मावशीकडे जायचं होतं आणि मामाची गाडी कांदा भरून कानपूरला निघाली होती. रस्ता एकच, मुंबई-आग्रा महामार्ग. मी बसचं तिकीट रद्द केलं आणि पिंपळगाव बसवंतला मामाच्या शेजारच्या सीटवर चढून बसले.

दहा टायरी गाडी, 360 गोण्या, म्हणजे साधारण 18 टन कांदा. उन्हाळ कांदा, चार महिने चाळीत राहिलेला. असा कांदा वरून ठणठणीत दिसतो, पण पावसाळी हवेत ताडपत्रीखाली दोन दिवस जास्त राहिला की कोंब फुटतात, खालच्या गोण्यांना पाणी सुटतं आणि कानपूरचा अडत्या भाव पाडायला मोकळा होतो. त्यामुळे मामाचं सगळं गणित तासांचं होतं.

निघण्याआधी मामाने केबिनखालून एक कॅन काढला आणि एका छोट्या टाकीत लालसर तेल ओतलं.

"हे काय रे मामा?"

"पॉवर स्टेअरिंगचं ऑइल. पितेय गाडी जरा. रोजचंच आहे."

त्या "रोजचंच आहे" या दोन शब्दांनी आमचा पुढचा अख्खा दिवस खाल्ला.

पायथ्याशी आलेला आवाज

रात्री धुळ्याच्या पुढे ढाब्यावर जेवलो, तिथेच थोडं झोपलो. पहाटे शिरपूरच्या अलीकडे तापी ओलांडली. पुलावरून खाली पाहिलं तर पाणी चहासारखं गढूळ आणि काठोकाठ. शिरपूर मागे पडलं की समोर सातपुडा उभा राहतो. पळासनेर हे महाराष्ट्रातलं शेवटचं मोठं गाव. पुढे बिजासन घाट आणि घाटातच मध्य प्रदेश सुरू होतो.

पळासनेरला एक वळण घेताना समोरून बारीक आवाज आला. कुत्र्याचं पिल्लू कण्हावं तसा. मामाने स्टेअरिंग सरळ केलं, आवाज थांबला. पुन्हा वळवलं, पुन्हा आला. मामाचा चेहरा बदलला. गाडी बाजूला घेऊन त्याने टाकीचं झाकण उघडलं. रात्री भरलेलं तेल अर्ध्याहून खाली गेलं होतं आणि उरलेल्यावर फेस होता.

"हवा ओढतेय," तो म्हणाला.

मी विचारलं, स्टेअरिंग बंदच पडलं तर? मामाने समजावलं की चाकं वळवणारी लोखंडी जोडणी वेगळी असते, ती तेलावर अवलंबून नसते. तेल संपलं तरी गाडी वळते, पण तेलाची मदत गेल्यावर 18 टन माल भरलेल्या गाडीची पुढची चाकं फक्त खांद्याच्या ताकदीवर वळवावी लागतात. घाटात, ओल्या रस्त्यावर, समोरून उतारावर गाड्या येत असताना. मामा 54 वर्षांचा आहे. उजवा खांदा वर्षभरापासून दुखतोय, हे मला आईकडून माहीत होतं. मामाने कधी सांगितलं नव्हतं.

कॅनमधलं उरलंसुरलं तेल त्याने ओतलं. इंजिन चालू ठेवून फेस बसू दिला आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही घाट चढलो. मध्यावर बिजासन मातेचं मंदिर आहे. तिथे ट्रकवाले हमखास थांबतात, नारळ फोडतात. मामाही थांबला, हात जोडले आणि परत येताना गाडीखाली वाकून पाहिलं. उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, स्टेअरिंग बॉक्सच्या बुडाशी, एक लाल थेंब लोंबत होता.

"बघ! तोच बॉक्स. जूनमध्ये त्या मिस्त्रीला 6,500 रुपये मोजले सील बदलायला. लुटतात नुसते. परत गेलो की पैसे काढून घेतो त्याच्याकडून."

वर सेंधव्यापर्यंत तो त्याच मिस्त्रीला शिव्या घालत होता.

सेंधव्याचे उस्ताद

सेंधवा हे बडवानी जिल्ह्यातलं, निमाडातलं गाव. कापसाचं, जिनिंगचं. गावात जुना किल्ला आहे. माळव्यात जाणारी वाट इथून सातपुडा ओलांडते, म्हणून इथे पहारा ठेवायला किल्ला हवा होता. आता त्याच वाटेवर रांगेने उभ्या असतात त्या टायर पंक्चरच्या टपऱ्या, ढाबे आणि गॅरेज. निमाडी, हिंदी, मराठी, अहिराणी अशी सगळी भाषा इथे एकत्र कानावर पडते. चहावाल्याने मला न विचारताच मराठीत विचारलं, "ताई, साखर कमी का?"

हायवेलगत पत्र्याची एक मोठी शेड होती. तिथले मिस्त्री साठीचे, पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. सगळे त्यांना उस्ताद म्हणत होते. मामाने गाडी लावता लावताच निकाल सांगून टाकला, "उस्ताद, बॉक्स गेला. अदलाबदलीचा मिळाला तर बसवून टाका."

तसा बॉक्स बसवायचा तर 20,000 रुपये आणि कदाचित उद्याचा अख्खा दिवस. उस्तादांनी ऐकून घेतलं, पण पाना उचलला नाही. उलट विचारलं, "भाऊ, रात को खड़ी गाड़ी के नीचे कितना गिरता है?"

"चार-पाच थेंब."

"और दिन में कितना डालते हो?"

"आता पाऊण लिटर लागतंय."

उस्ताद हसले. "तो खड़ी में नहीं गिरता. चलती में जाता है."

मला त्या क्षणी काही कळलं नाही. पुढच्या तासाभरात त्यांनी मला एका स्टुलावर बसवून, कामाबरोबर बोलत बोलत, ते समजावलं.

पॉवर स्टेअरिंगचं तेल एका वर्तुळात फिरतं. टाकीतून ते जाड पाईपने पंपाकडे येतं. पंप इंजिनवर फिरतो आणि तेल दाबून दुसऱ्या मजबूत पाईपने स्टेअरिंग बॉक्समध्ये पाठवतो. आपण चाक वळवलं की हे तेल बॉक्सच्या आतल्या पिस्टनला ढकलतं आणि आपलं काम हलकं होतं. मग परतीच्या पाईपने ते टाकीत येतं. या वर्तुळात दाब सगळीकडे सारखा नसतो. पंप ते बॉक्स या पट्ट्यात, आणि तेही स्टेअरिंग वळवताना, तो 100 बारच्या पुढे जातो. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या दहापटीहून जास्त. बाकीच्या पट्ट्यात तो अगदी कमी असतो.

म्हणून उभ्या गाडीत रात्रभर तेल टपकत असेल तर टाकी, तिचा खालचा पाईप किंवा परतीचा पाईप पाहायचा. उभी गाडी जवळपास कोरडी आणि चालत्या गाडीत तेल गायब होत असेल, तर संशय दाबाच्या पट्ट्यावर. उस्तादांनी एकही नट न खोलता अर्धी गाडी यादीतून काढून टाकली होती.

आधी धुवा, मग शोधा

पुढचा प्रश्न मला सुचलाच नसता. त्यांनी इंजिन ऑइलची काडी काढून पाहिली. काही गाड्यांत हा पंप इंजिनच्या गिअरवरच बसवलेला असतो. पंपाच्या दांड्याचं सील गेलं की स्टेअरिंगचं तेल बाहेर न पडता थेट इंजिनमध्ये जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही, टाकी मात्र रिकामी होत राहते आणि इंजिन ऑइलची पातळी वाढते. मामाच्या गाडीत पातळी बरोबर होती. यादीतून आणखी एक नाव गेलं.

मग पांढरी चिंधी. बॉक्सखालचा थेंब त्यांनी चिंधीवर टिपला. काळा असता तर इंजिन ऑइल, हिरवट किंवा रंगीत पाण्यासारखा असता तर कूलंट, उग्र वासाचा आणि घट्ट असता तर गिअर ऑइल. हा लाल, पातळ. म्हणजे तेल तेच, शंका नाही.

केबिन उचलली आणि मग खरा खोळंबा सुरू झाला. उस्तादांचा पोऱ्या ब्रश आणि डिझेल घेऊन टाकीपासून बॉक्सपर्यंत सगळं धूत बसला. मामा घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. बाहेर पाऊस, ताडपत्रीखाली कांदा. "अहो, थेंब दिसतोय डोळ्यांसमोर, आणि हे आंघोळ घालतायत," तो माझ्याजवळ येऊन पुटपुटला.

उस्तादांनी ऐकलं असावं. ते म्हणाले, तेलाला वाट सापडली की ते पाईपावरून, चॅसीवरून घसरत जातं, चालत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो आणि सगळ्यात खालच्या टोकाला जाऊन ते टपकतं. थेंब पडतो ते फक्त शेवटचं स्टेशन. गाडी कुठून सुटली ते पाहायचं तर वर जावं लागतं, जिथे पहिला ओला ठिपका आहे तिथे. आणि महिन्यांच्या चिखलात पहिला ठिपका कसा दिसणार?

धुऊन झालं, कॉम्प्रेसरच्या हवेने सुकवलं. मग उस्तादांनी पोऱ्याला टाल्कम पावडर आणायला सांगितली. दुकान लांब होतं. माझ्या बॅगेत छोटा डबा होता, तो मी दिला. त्यांनी तो पाईपांवर, जोडांवर, बॉक्सवर असा शिंपडला की इंजिनचा तो कोपरा गणपतीच्या मखरासारखा दिसायला लागला. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं. टाकी भरली, इंजिन चालू केलं आणि मामाला सांगितलं, "इस कोने से उस कोने तक घुमाओ. आखिर में दबाके मत रखना." स्टेअरिंग शेवटच्या टोकाला दाबून धरलं तर दाब टिपेला पोहोचतो आणि पंप तापतो, म्हणून दोन-चार सेकंदांच्या वर धरायचं नाही.

मी पुढे वाकून एका पाईपाकडे बोट नेलं, तशी उस्तादांनी मला जोरात मागे ओढलं. दिवसभरात ते एकदाच आवाज चढवून बोलले. एवढ्या दाबाने बारीक छिद्रातून येणारं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत इतकं नुकसान होतं की बोट गमवायची वेळ येते. अशी गळती कधीच हाताने चाचपायची नाही. त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि तो पाईपाजवळून हळूहळू फिरवायला लागले.

पहिला ओला डाग दिसला तो भलतीकडेच. टाकीच्या झाकणापाशी. मामाने तेल खुणेच्या वर भरलं होतं, ते तापून झाकणाच्या हवेच्या छिद्रातून बाहेर येत होतं. उस्ताद मामाला म्हणाले, "भाऊ, ये लीकेज तो आपने खुद बनाया है." पोऱ्या हसला. मीही. तेल खुणेपर्यंत कमी केलं, झाकण पुसलं, पावडर पुन्हा लावली.

मामाने पुन्हा स्टेअरिंग फिरवलं. डावीकडे काहीच नाही. उजवीकडे वळवताच पुठ्ठ्यावर लाल तुषार उमटला.

दाबाचा पाईप. बॉक्सपासून हातभर वर, चॅसीच्या कोपऱ्याला घासून त्याचं रबर झिजलं होतं. सरळ चालताना ते छिद्र मिटलेलं राहायचं. वळण आलं, दाब वाढला की ते उघडायचं. तिथून तेल पाईपावरून ओघळत बॉक्सच्या बुडाशी जमायचं. जूनमधल्या मिस्त्रीने थेंब पाहिला, बॉक्सचं सील बदललं, तेल भरलं आणि गाडी सोडली.

पट्टी कुठे गेली?

उस्तादांनी झिजलेल्या जागेच्या वर बोट ठेवलं. चॅसीला एक रिकामं भोक होतं. "यहाँ पट्टी होती है. पाइप को पकड़के रखती है. पट्टी किधर गई?"

मामा काही बोलला नाही. तो खाली बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "एप्रिलमध्ये रेडिएटर काढला तेव्हा नट जाम होता. मीच तोडून काढली. म्हटलं, नंतर लावू."

ती "नंतर लावू"ची पट्टी पन्नास रुपयांची असेल. ती गेल्याने पाईप सुटा झाला, सुटा झाल्याने घासला, घासल्याने फुटला. तोवर मे उजाडला होता. मग तेल ओतणं, मग सीलचे 6,500, मग पुन्हा तेल ओतणं, आणि आज सकाळी घाटात दुखऱ्या खांद्याने ओढलेलं स्टेअरिंग.

सेंधव्यात जिनिंग-प्रेसच्या मशीनसाठी आणि जेसीबीसाठी हायड्रॉलिक पाईप दाबून देणारं दुकान आहे. पोऱ्या जुना पाईप घेऊन मोटारसायकलवर गेला आणि तासाभरात त्याच मापाचा नवा घेऊन आला. तोवर पाऊस थांबला होता. मी आणि मामाने ताडपत्रीच्या दोन्ही बाजू वर गुंडाळून कांद्याला वारा दिला. मामाने एका गोणीला नाक लावून वास घेतला आणि मान हलवली. अजून ठीक होतं.

नवा पाईप बसला, नवी पट्टी बसली, टाकीतला फिल्टरही बदलला. मग हवा काढायचं काम. पुढची चाकं जॅकवर उचलली, टाकी भरली आणि इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग दोन्ही टोकांना सावकाश फिरवलं. पातळी खाली गेली की पुन्हा तेल. बुडबुडे कमी झाल्यावर इंजिन चालू करून पुन्हा तेच. फेस गेला, तेल स्वच्छ लाल दिसायला लागलं, सकाळचं ते कण्हणं बंद झालं. एकूण बिल 3,100 रुपये. पावडरीच्या डब्याचे पैसे उस्ताद मला देत होते, मी घेतले नाहीत.

नर्मदेच्या काठी

चार वाजता निघालो. खलघाटला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. नर्मदेच्या पुलावर मामाने गाडीचा वेग कमी केला आणि एका हाताने नमस्कार केला. हो, एका हाताने, आणि तोही दुखऱ्या उजव्या हाताने, कारण डावा स्टेअरिंगवर आरामात टेकला होता. सकाळी हेच चाक त्याने दोन्ही हातांनी आणि दातओठ खाऊन वळवलं होतं.

पुलापलीकडे चहाला थांबलो. मी विचारलं, "मग मामा, त्या मिस्त्रीकडून पैसे काढून घेणार ना?"

तो बराच वेळ चहा ढवळत राहिला. मग फोन लावला. मला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती. "बॉक्स चांगला आहे तुमचा... नाही, पाईप फुटला होता... पट्टी मीच काढली होती, तुम्हाला सांगितलं नव्हतं... हो हो, येतो ना, दिवाळीआधी ग्रीसिंगला येतो." फोन ठेवून म्हणाला, "त्याने शोधलं नाही, मी सांगितलं नाही. अर्धं त्याचं, अर्धं माझं."

मग थोडं थांबून, "तुझ्या आईला सांग, खांदा दाखवतो म्हणावं डॉक्टरला. तेही नुसतं बाम चोळणं चाललंय सहा महिने."

गुजरीच्या पुढे विंध्याचा घाट सुरू झाला. काळोख, धुकं आणि समोर रांगेने चढणारे लाल दिवे. एकेका वळणावर मी कान देऊन ऐकत होते. इंजिनाच्या आवाजाखेरीज काहीच नव्हतं.

तुमच्या गाडीखाली डाग दिसला तर

रात्री साडेदहाला इंदूरच्या बायपासवर काका त्यांची जुनी कार घेऊन मला न्यायला आले. मामा घरी आलाच नाही. कांदा थांबू शकत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या फरशीवर मला दोन लालसर ठिपके दिसले आणि मी काकांसमोर उस्ताद होऊन बसले. त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

– आधी आपल्या गाडीचं स्टेअरिंग कोणतं ते पाहा. अलीकडच्या बऱ्याच कारमध्ये ते विजेच्या मोटरवर चालतं, त्यात तेल नसतंच. मग डाग दुसऱ्या कशाचा तरी आहे.

– रात्री गाडीखाली पांढरा कागद किंवा पुठ्ठा ठेवा. रंग, वास आणि थेंब नेमका कुठे पडला, हे सकाळी कळतं. लाल तेल गिअरबॉक्सचंही असू शकतं, म्हणून जागा महत्त्वाची.

– किती तेल भरलं आणि केव्हा, हे लिहून ठेवा. उभी असताना जातं की चालवताना, या एका उत्तराने मिस्त्रीचा निम्मा वेळ वाचतो.

– खुणेच्या वर तेल भरू नका.

– इंजिन चालू असताना हात घालू नका.

– आधी कोणी काय खोललं, काय तोडलं, काय बसवायचं राहिलं, ते मिस्त्रीला खरं सांगा. आपली चूक असली तरी.

काकांच्या कारचा डाग परतीच्या पाईपाच्या सैल क्लॅम्पमुळे होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने दहा मिनिटांत आवळून दिला.

तिसऱ्या दिवशी मामाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. कानपूरची मंडी, मागे आमची गाडी, पुढच्या उजव्या चाकामागे जमिनीवर अंथरलेलं हिंदी वर्तमानपत्र. फोटोखाली दोनच ओळी होत्या.

"कागद कोरडा. कांद्याला भाव बरा मिळाला."